चार बोल्टांची सीट

जुन्या गाडीचं इंजिन पन्नास वर्षं टिकतं. चासी टिकते. दरवाजे गंजले तरी खालून पत्रा मारून चालवता येतात. सीटचं तसं नसतं. काथ्या, कापूस, गोणपाट, सुतळी, रेक्झिन, फोम या साऱ्या झिजणाऱ्या, कुजणाऱ्या वस्तू. त्यात माणसाचं रोजचं वजन आणि घाम. म्हणून ज्या गाडीचा मालक ‘सगळं ओरिजिनल आहे’ असं अभिमानानं सांगतो, तिचीही सीट बहुधा दुसरी किंवा तिसरी असते, आणि ती कारखान्यातून नव्हे, जवळच्या तालुक्याच्या गावातल्या कुशनवाल्याकडून आलेली असते. गाडीचा आराखडा अमेरिकेतला असेल, बांधणी मुंबईतली असेल; सीट मात्र ज्या मुलखात गाडी राबली त्या मुलखाची होऊन जाते. आमच्या मामांच्या पिकअपला नव्या सीटा बसवायची वेळ आली, तेव्हा हे मला नीट दिसलं.

ही पिकअप म्हणजे महिंद्राची एफसी-१५०. विलिस कंपनीनं ती अमेरिकेत १९५६च्या अखेरीस आणली. तिचा चेहरामोहरा ठरवला ब्रुक्स स्टीव्हन्स या नामांकित डिझायनरनं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ८१ इंच, म्हणजे त्या वेळच्या सीजे-५ जीपइतकंच. पण ड्रायव्हरला इंजिनाच्या मागे न बसवता इंजिनाच्या शेजारी, पुढच्या चाकांच्या जवळजवळ डोक्यावर बसवलं, त्यामुळे तेवढ्याच गाडीला मागे लांब हौदा मिळाला. अमेरिकेत ती १९६५पर्यंत बनली. महिंद्रानं साठच्या दशकात ती आपल्याकडे बनवायला घेतली. मामांनी महाबळेश्वरजवळच्या भिलारच्या शेतीसाठी ती जुनीच विकत घेतली होती. बटाटा, गाजर, घेवडा आणि पुढे स्ट्रॉबेरी हा सगळा माल तिनं पाचगणीला आणि पसरणीच्या घाटानं वाईला उतरवला.

केबिनमध्ये दोन सीटा आणि मधे इंजिनाचं पत्र्याचं कव्हर. ते तापायचं. डिसेंबरात वेण्णा तलावाच्या काठचं गवत दवबिंदू गोठून पांढरं पडतं, तसल्या पहाटे त्या कव्हरवर पोतं टाकून बसायला मिळावं म्हणून आम्हां भावंडांत भांडणं व्हायची. पण या रचनेची दुसरी बाजू ड्रायव्हरला भोगावी लागते. चाक खड्ड्यात गेलं की धक्का थेट त्याच्या माकडहाडाला येतो. साध्या जीपमध्ये माणूस दोन्ही चाकांच्या मधे असतो, धक्का थोडा वाटून जातो. इथे पुढचे पाटे आणि माणूस यांच्यामध्ये सीटच्या स्प्रिंगा सोडून दुसरं काही नाही. त्यामुळे या गाडीत सीट म्हणजे निव्वळ बैठक नव्हे, ती सस्पेन्शनचाच एक भाग आहे. युद्धकाळातल्या जीपमध्ये पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असे आणि पेट्रोल भरायला त्याला उठून गादी उचलावी लागे. सैन्याच्या घाईत जन्मलेल्या त्या गाड्यांमध्ये सीट ही अशी उचलायची, काढायची वस्तू होती. एफसीनं ती रीत पुढे चालवली. सीटची चौकट चार बोल्टांवर बसते. एका पान्यानं ती सुटते.

ही गोष्ट महाबळेश्वरात फार मोलाची आहे.

इथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आकडा सांगून त्या ओलीची कल्पना येत नाही. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मीठ वितळतं, काडेपेटी चुलीजवळ ठेवावी लागते. इंग्रज गव्हर्नर माल्कमच्या काळापासून इथे बंगले बांधले गेले, त्यांच्या भिंतींना पावसाळ्याआधी गवताच्या तट्ट्या बांधायची पद्धत पडली. आता त्या जागी प्लॅस्टिकचे कागद आणि पत्रे आले, पण घर बांधून-गुंडाळून ठेवायचं काम मेच्या अखेरीला अजूनही चालतंच. ज्याला इथे टिकायचं आहे त्याला पावसाआधी सुटून कोरड्यात जाता आलं पाहिजे, नाहीतर नीट झाकून घेता आलं पाहिजे. मामा दर वर्षी रोहिणी लागल्या की पिकअपच्या दोन्ही सीटा काढून स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर टाकायचे. खाली चूल, वर सीटा. चार महिने धूर आणि ऊब खाऊन त्या खाली यायच्या तेव्हा त्यांना लाकडाच्या धुराचा वास असायचा, आणि दसऱ्यापर्यंत तो जायचा नाही. पावसात गाडी काढायचीच झाली तर मामा लाकडी खोका ठेवून त्यावर बसत. खत आणायला, दवाखान्यात कुणाला न्यायला तो खोका पुरे.

मग नव्वदीच्या दशकात कधीतरी जुन्या चौकटी मोडल्या आणि एका गॅरेजमध्ये नव्या सीटा बसवून घेतल्या गेल्या. काम झटपट झालं. चौकट थेट जमिनीच्या पत्र्याला वेल्डिंग करून टाकली, वर जाड फोम, वर चकचकीत काळं रेक्झिन. दिसायला त्या जुन्यांपेक्षा बऱ्या होत्या. पण आता त्या निघेनात. पाऊस आला की तिथेच भिजायच्या. फोमनं पाणी धरून ठेवलं, फोमखाली पत्रा कुजला, आणि वेल्डिंगच्या टाक्यांभोवती गंज असा पसरला की ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसू लागला. त्या कामाबद्दल मला आजही वाईट वाटतं. ज्यानं केलं त्याच्या मनात काही खोट नव्हती. वेल्डिंग पक्कं असतं आणि पक्कं ते चांगलं, असा साधा विचार असणार. पण या डोंगरावर पक्क्या बसवलेल्या वस्तूला पावसापासून पळता येत नाही.

जुलै २०२१मध्ये तिचं व्हायचं ते झालं. २३ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४.४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी तुटला, ओढ्यांनी शेतं नेली. पिकअपवर घातलेली ताडपत्री वाऱ्यानं फाडली. सप्टेंबरात दार उघडलं तेव्हा ड्रायव्हरच्या सीटवर अळंबी उगवली होती. मामा त्याआधीच गेलेले. मामेभावानं गाडी दोन वर्षं तशीच ठेवली आणि मग एका हंगामाच्या शेवटी, हातात थोडे पैसे असताना, ती दुरुस्त करायला काढली. इंजिनाला फारसं काही लागलं नाही. चार सिलिंडरचं पेट्रोल हरिकेन इंजिन, ज्या जातीच्या इंजिनावर महिंद्राच्या जीपा कित्येक वर्षं चालल्या; त्याचे भाग मिळतात आणि ते समजणारे हातही मिळतात. खरा प्रश्न सीटांचा निघाला.

मामेभावाची पाठ दुखते. स्ट्रॉबेरीचं काम वाकून करायचं असतं. लावणीही वाकून, तोडणीही वाकून. त्यामुळे त्याला आधुनिक, पाठीला धरून ठेवणाऱ्या, डोक्याला टेकण असलेल्या सीटा हव्या होत्या. त्यानं पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केली आणि मोडीत निघालेल्या एका लहान कारच्या दोन सीटा घेऊन आला. सुंदर होत्या, जवळजवळ नव्या. मी तेव्हा भिलारला होते. आम्ही त्या केबिनमध्ये नुसत्या ठेवून पाहिल्या.

त्या ठेवल्यावर जे दिसलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण जुन्या गाडीत नवी सीट बसवणारा प्रत्येक जण याच ठिकाणी अडतो. कारच्या सीटच्या रनरमधलं अंतर वेगळं, जुन्या भोकांशी जुळेना. रनरसकट सीटची उंची इतकी की मामेभावाचं डोकं टपाला लागलं आणि गुडघे स्टिअरिंगला. आतल्या बाजूला सीटचा पसारा इंजिनाच्या कव्हरला भिडत होता, आणि तापलेल्या कव्हराला फोम टेकवून ठेवणं बरं नाही. उंच पाठीमुळे मागची काच झाकली गेली; हौद्यातला माल घसरतोय का ते घाटात त्याच काचेतून बघायचं असतं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे बसण्याचा कोन. कारमध्ये माणूस पाय पुढे सोडून रेलून बसतो, स्टिअरिंग त्याच्या छातीसमोर उभं असतं. एफसीचं स्टिअरिंग एसटीसारखं आडवं, पेडल खाली. इथे रेलून बसलं की क्लच पुरता दबत नाही, आणि स्टिअरिंग फिरवताना सगळा भार खांद्यावर येतो. जुन्या सीटची ताठ पाठ बघून ती काटकसरीतून आली असं मला लहानपणापासून वाटे. ती भूमितीतून आली होती. हात वरून, पाय खाली, म्हणून कणा सरळ.

मामीही बसून पाहायला आल्या. साडी सावरत वर चढल्या, तर सीटच्या कडेचा उंच फुगवटा मांडीला अडला. कारमध्ये तो वळणावर शरीर धरायला ठेवलेला असतो. दर वाफ्याशी चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईला तो उंबरा होतो. “ह्येच्यात बसायचं का ह्येला ओलांडायचं?” एवढंच त्या म्हणाल्या आणि उतरल्या.

तरीही त्या सीटा बसवता आल्या असत्या. जमिनीला नवी भोकं पाडायची, जुने उंचवटे ग्राइंडरनं उडवायचे, की बसल्या. पुष्कळ ठिकाणी तसंच होतं, आणि गाडी चालवणाऱ्याची पाठ दुखत असताना त्याला दोष द्यायचा मला अधिकार नाही. मी फक्त एक म्हणाले, की जमिनीचा पत्रा आपण नव्यानं बदलतोच आहोत, तर जुन्या मापाची चारच भोकं ठेवू आणि जे काय करायचं ते त्या चार भोकांवर करू. उद्या कुणाला दुसरं काही बसवावंसं वाटलं तर त्याला वाट मोकळी राहील. मामेभाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “ताई, मग वाईच्या मिस्त्रींनाच विचारू.”

हे मिस्त्री पूर्वी ट्रकच्या, जीपच्या सीटा आणि हूड शिवायचे. आता बहुतेक काम सोफ्यांचं आणि टू-व्हीलरच्या सीटचं. दुकानात शिवणयंत्र, भिंतीला टांगलेली रेक्झिनची भेंडोळी, फोमच्या शीटा. त्यांनी आमच्या वेल्डिंगच्या सीटचं प्रेत उलटं करून पाहिलं आणि काळं रेक्झिन फाडलं. फोम हातात भाकरीसारखा तुटला. “फोम पाणी पितो, काथ्या पाणी सोडतो,” ते म्हणाले. “वर राहताय तुम्ही. तुम्हाला फोम कुणी दिला?”

नारळाच्या सोडणाचा हा धागा मुळात पाण्यात कुजवूनच मोकळा करतात. सोडणं कित्येक महिने खाजणात बुडवून ठेवली की मऊ भाग जातो आणि जे उरतं ते पाण्याला सहजासहजी दाद देत नाही. काथ्याच्या गादीत धाग्यांमध्ये मोकळी जागा असते. पाणी शिरतं तसं निथळतं आणि वारा लागला की ती वाळते. एसटीची सुरुवातही काथ्यावरच झाली. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली, त्या वेळच्या ताफ्यात ३० बेडफर्ड होत्या, लाकडी बॉडीच्या आणि काथ्याच्या सीटांच्या. पुढे रबराचा चीक फवारून घट्ट केलेल्या काथ्याच्या शीटा आल्या; त्या दाबल्या की परत वर येतात. मग पॉलियुरेथेनचा फोम आला, हलका, मऊ, कापायला सोपा, आणि त्यानं सगळं बाजूला सारलं. कोरड्या मुलखात फोमला नाव ठेवायचं कारण नाही. मिस्त्रींनी आमच्याही सीटला तो लावला, पण एक इंच, ४० डेन्सिटीचा, अगदी वर, अंगाला मऊ लागण्यापुरता. खालचं सगळं वजन काथ्यावर.

सीट कशी होते ते मी तिथे स्टुलावर बसून पाहिलं. ते काम इतकं बारकाईचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा पाइपाची चौकट, जुन्या चार भोकांच्या मापानं. शेजारच्या वेल्डरकडून करून घेतलेली, लाल ऑक्साइड मारून मग काळा रंग. चौकटीवर नागमोडी स्प्रिंगा ताणल्या. त्या सगळ्या सारख्या ताणायच्या नसतात. मागच्या बाजूच्या, जिथे माणसाचं खरं वजन पडतं, त्या जवळजवळ लावल्या, पुढच्या मांडीखालच्या विरळ. स्प्रिंगांना आडव्या सुतळीनं एकमेकींशी बांधलं, म्हणजे एकटी एखादी खचत नाही. वर गोणपाट, दाभणानं टाचून. त्यावर काथ्याच्या शीटा, तीन थर, वरचा थर कडेला कापून गोल केलेला. मिस्त्री प्रत्येक थरानंतर मामेभावाला बसवायचे आणि त्याच्या गुडघ्याखाली हात घालून पाहायचे. मांडी आणि सीटची पुढची कड यांच्यात दोन बोटं फट राहिली पाहिजे, नाहीतर पायाला मुंग्या येतात. बसल्यावर गादी किती खाली जाते ते खडूनं चौकटीवर खूण करून धरलं. स्टिअरिंगची उंची माणूस बसल्यावरच्या सीटपासून मोजायची असते, रिकाम्या सीटपासून नव्हे.

पाठीचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. पाठ मूळच्यासारखीच ताठ, फक्त चार इंच उंच, आणि कंबरेच्या खोलगटात काथ्याची एक आडवी उशी आतून शिवून टाकली. बाहेरून ती दिसत नाही. मामेभाऊ टेकला आणि त्यानं डोळे मिटले. “आणखी खाली,” तो म्हणाला. उशी बोटभर खाली सरकली. एवढ्याशा सरकण्यासाठी शिवण दोनदा उसवली गेली, आणि मिस्त्रींनी एकदाही कुरकुर केली नाही. हाताखालच्या पोराला मात्र त्यांनी दर वेळी बोलावून दाखवलं, कुठे टोचायचं आणि का.

रेक्झिन कोणत्या रंगाचं घ्यावं यावर बरीच चर्चा झाली. जुनी शिवण उसवताना काळ्याखाली, मूळ पाठीच्या एका वाचलेल्या तुकड्यावर, गडद हिरवा थर सापडला होता, म्हणून हिरवंच घेतलं. ते उन्हात पसरून तापवलं, म्हणजे ताणायला नरम होतं. मग ते चढवून पक्कडीनं खालून रिंगा मारत नेल्या, पुढची कड आधी, मग मागची, कोपरे शेवटी. कडेच्या पट्टीत पितळी आयलेट बसवले. माणूस बसला की गादीतली हवा त्यातून बाहेर पडते, उठला की आत येते, आणि आतली ओल तिथूनच निघून जाते. आताच्या सीटांना ते सहसा नसतात. ते आयलेट पाहून मला त्या कामाबद्दल मनापासून आदर वाटला. या माणसानं सीटला श्वास घ्यायची सोय ठेवली होती.

एका बाबतीत मात्र आम्ही चार भोकांचा नियम मोडला. या गाडीला कधीच सीटबेल्ट नव्हते. आपल्याकडे १९९४च्या सुमारास पुढच्या सीटला ते सक्तीचे झाले, त्याच्या कितीतरी आधीची ही गाडी. खांद्यावरून जाणारा पट्टा हवा होता, पण दाराच्या खांबाचा पत्रा पातळ. झटका बसला तर तो खांबच उपटून आणेल. म्हणून कंबरेचे पट्टे लावले, जमिनीच्या खाली जाड लोखंडी प्लेटा देऊन, म्हणजे बोल्ट पत्र्यातून ओढून निघणार नाही. त्यासाठी नवी भोकं पाडली आणि ती पाडताना मला काही वाटलं नाही. सीट पुन्हा शिवता येते.

गाडी पुरी झाल्यावर कुणीतरी सुचवलं की तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करा. ज्या जुलैच्या पावसानं तिच्या सीटवर अळंबी उगवली, त्याच महिन्यात, १५ जुलै २०२१ला, केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांचे नियम जाहीर केले होते. पन्नास वर्षांवरची गाडी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल न केलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. सीटचा उल्लेख त्या यादीत नाही, आणि मला ते योग्य वाटतं. सीट मूळची राहूच शकत नाही. ती जपायची म्हणजे पुन्हा पुन्हा करायचीच असते. पण त्याच नियमांत असंही आहे की अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही आणि धंद्यासाठी चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन, एवढंच. मामेभावानं ते ऐकलं आणि मान हलवली. स्ट्रॉबेरीची खोकी वाफ्यांपासून पॅकिंगच्या शेडपर्यंत आणायला त्याला गाडी हवी होती. आहे तो नंबर राहू दे म्हणाला.

यंदाच्या हंगामात ती चालली. लावणीची रोपं तिनंच आणली, पहिली तोड तिनंच शेडमध्ये पोचवली. मेमध्ये मी पुन्हा गेले तेव्हा मामेभाऊ पान्यानं बोल्ट सैल करत होता आणि त्याची मुलगी सीटा वाहून नेत होती, एक-एक. आता चूल नाही, गॅस आहे. त्यामुळे माळ्यावर धूर नाही. त्यांनी सीटा गिझरच्या खोलीत फळीवर उभ्या ठेवल्या, मधे हवा खेळेल अशा. मामी खुर्चीवरून सूचना देत होत्या. सीटबद्दल त्यांची तक्रार नव्हती, फक्त चढताना धरायला दांडी हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. दाराच्या खांबाला आतून दोन जुनी भोकं आहेत, रंगाखाली बुजलेली. तिथे पूर्वी काय होतं ते मामेभाऊ आता एफसीवाल्या इतर मालकांना विचारत फिरतो आहे.